कागद मालकाच्या कुलपात, दावा आयुक्तांपुढे: नुकसानभरपाईच्या प्रकरणात दस्तऐवज हजर करवून घेण्याची रीत

कामावर झालेल्या अपघाताच्या भरपाईचे दावे बहुतेक वेळा कागदाअभावी अडतात. अपघात झाला हे साऱ्या गल्लीला ठाऊक असते, सोबतच्या कामगाराने जखमीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलेले असते. पण तो माणूस त्या दिवशी त्या जागी कामावर होता हे सांगणारे मस्टर, त्याला किती मजुरी मिळत होती हे सांगणारी वही आणि विम्याची पॉलिसी ही सगळी ज्याच्यावर दावा आहे त्याच्याच कुलपात असतात. इचलकरंजीच्या आठ मागांच्या शेडमध्ये हे कुलूप म्हणजे दिवाणजीच्या टेबलाचा खण, शिरोलीच्या कारखान्यात टाइम ऑफिसचे लोखंडी कपाट, आणि ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर तर मालकाच्या खिशातली छोटी डायरी. कोल्हापूर जिल्ह्यात संघटनेच्या वतीने असे दावे चालवताना एक गोष्ट मला उशिरा उमगली. कागद दडवणाऱ्या मालकामुळे दावा जितका बिघडतो, तितकाच तो कागद मोघम मागणाऱ्या अर्जदारामुळेही बिघडतो. त्यामुळे कोणता कागद, कोणत्या काळाचा, कोणाच्या ताब्यातला आणि कशासाठी हवा, हे अर्जात कसे मांडावे यावर या लेखात सर्वाधिक जागा खर्च केली आहे.

अधिकार कोठून येतो

कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ याच्या कलम २३ नुसार शपथेवर पुरावा घेणे, साक्षीदारांना हजर राहण्यास भाग पाडणे आणि दस्तऐवज व वस्तू हजर करण्याची सक्ती करणे यांसाठी, हे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे सर्व अधिकार आहेत. यातल्या ‘वस्तू’ या शब्दाकडे सहसा दुर्लक्ष होते. मागावरचा धोटा (आडवा धागा नेणारे शटल) उडून कामगाराच्या डोळ्याला लागला असेल, तर तो धोटा आणि त्या मागावर संरक्षक जाळी होती की नव्हती हे दाखवणारा भागही मागता येतो.

या अधिनियमाखालील १९२४ च्या नियमांपैकी नियम ४१ ने दिवाणी प्रक्रिया संहितेतील काही तरतुदी नावानिशी लागू केल्या आहेत. त्यांत समन्स बजावणीच्या आदेश ५ मधील, हजर झालेल्या दस्तऐवजांविषयीच्या आदेश १३ मधील आणि साक्षीदार बोलावण्याच्या आदेश १६ मधील नियम येतात. दस्तऐवज उघड करण्याविषयीचा आदेश ११ मात्र त्या यादीत नाही. नवे वकील सवयीने आदेश ११ नियम १४ खाली अर्ज देतात आणि सामनेवाल्यांना, म्हणजे ज्यांच्यावर दावा आहे त्यांना, ‘ही तरतूद येथे लागू नाही’ असे म्हणण्याची आयती संधी मिळते. अर्जाच्या मथळ्यात आधी कलम २३ आणि त्याच्या जोडीला आदेश १६ नियम ६ लिहावा, म्हणजे हा वाद उभाच राहत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून १९२३ च्या अधिनियमाची जागा तिच्या सातव्या प्रकरणाने घेतली आहे, आणि आयुक्तांच्या जागी तेथे ‘सक्षम प्राधिकारी’ हा शब्द आहे. भरपाईची जबाबदारी अपघाताच्या तारखेलाच उभी राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या डिसेंबर १९७५ च्या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून अपघात २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीचा असेल तर अर्जात जुन्या अधिनियमाची कलमे द्यावीत आणि नंतरचा असेल तर संहितेची. कागद मागण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे. पुढील विवेचनात मी जुनी कलमे वापरली आहेत, कारण चालू दाव्यांपैकी बरेच त्याच काळातील अपघातांचे आहेत.

पहिली पायरी: काय सिद्ध करायचे आहे ते आधी लिहून काढणे

एका कोऱ्या कागदावर मुद्दे उतरवावेत: अर्जदार सामनेवाल्यांचा कर्मचारी होता, अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात घडला, मासिक वेतन इतके होते, वय इतके होते, अपंगत्व इतके आले, आणि विमा कंपनीची जबाबदारी आहे. प्रत्येक मुद्द्यासमोर तो सिद्ध करणारा कागद आणि तो ज्याच्याकडे आहे त्या माणसाचे किंवा कार्यालयाचे नाव लिहावे. ज्या मुद्द्यापुढची जागा रिकामी राहील, तेथेच पुढे सक्तीचा अर्ज लागणार आहे.

वेतनाच्या मुद्द्याला बहुतेक जण दुय्यम मानतात. प्रत्यक्षात त्यावर किती रक्कम अवलंबून असते ते पाहावे. तीस वर्षांच्या माग कामगाराची एका डोळ्याची दृष्टी गेली, बुबुळ विद्रूप झाले नाही आणि दुसरा डोळा शाबूत आहे, असे धरू. अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे कमाईच्या क्षमतेतील घट ३० टक्के आणि वयानुसार ठरलेला गुणक तिसाव्या वर्षी २०७.९८. वेतनाची मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून दरमहा १५,००० रुपये आहे. त्या वेतनाच्या ६० टक्के म्हणजे ९,००० रुपयांना गुणकाने गुणून त्याचे ३० टक्के काढले, की ५,६१,५४६ रुपये येतात. मालकाने पगार ८,००० रुपयेच होता असे म्हटले आणि ते खोडता आले नाही, तर हीच रक्कम २,९९,४९१ रुपयांवर येते. मजुरीच्या एका वहीपायी अडीच लाखांहून अधिक रुपयांचा फरक पडतो, आणि त्यावर कलम ४अ खालील दरसाल १२ टक्के सरळव्याज वेगळे.

याच टप्प्यावर कर्मचारी राज्य विम्याचा प्रश्न निकाली काढावा. कामगार त्या योजनेत विमाधारक असेल, तर राज्य विमा अधिनियमाच्या कलम ५३ मुळे मालकाविरुद्धचा हा दावा चालत नाही आणि लाभ महामंडळाकडून घ्यावा लागतो. हप्ते प्रत्यक्षात भरले गेले नसले, तरी ते भरणे देय होते एवढ्यानेही हा अडथळा उभा राहू शकतो. त्यामुळे मोठ्या फाउंड्रीतील कामगाराच्या बाबतीत आधी योजनेची नोंद तपासावी. आयुक्तांपुढे येणारे दावे मुख्यत्वे लहान शेड, बांधकामाची जागा, विटभट्टी, मालवाहतूक आणि ऊस वाहतूक येथील असतात. सामनेवाल्यांनी दावा सुरू झाल्यावर अचानक राज्य विम्याचा मुद्दा काढला, तर आस्थापनेचा कोड क्रमांक, कामगाराच्या नोंदणीची तारीख व वेळ आणि हप्त्यांचा तपशील हे कागद त्यांच्याकडूनच मागावेत. नोंदणी अपघाताच्या दिवशी, अपघातानंतर काही तासांनी झालेली असेल, तर ती वेळच बरेच काही सांगून जाते.

दुसरी पायरी: जे सक्तीशिवाय मिळते ते गोळा करणे

आपल्याला सहज मिळू शकणारा कागद मालकाकडे मागत बसल्यास अर्जाचे वजन घटते. पोलिसांकडील घटनास्थळ पंचनामा, जबाब आणि मृत्यू झाला असल्यास अकस्मात मृत्यूच्या नोंदीची व शवविच्छेदन अहवालाची प्रत यांसाठी लगेच अर्ज करावा. सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा खासगी रुग्णालयात दाखल केले असेल, तर केसपेपर आणि वैद्यकीय-कायदेशीर नोंद मागावी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागितलेले उपचाराचे अभिलेख डॉक्टरांनी ७२ तासांत द्यावयाचे असतात. केसपेपरवर पहिल्याच ओळीत ‘कामावर असताना मागाचा धोटा लागून’ असे लिहिलेले असते, आणि ते अपघातानंतर तासाभरात, दाव्याचा विचारही कोणाच्या मनात नसताना लिहिलेले असल्याने त्याला मोल असते.

भविष्य निर्वाह निधीचे पासबुक आणि बँकेचा खातेउतारा कामगाराला स्वतःच काढता येतो. कारखाना नोंदणीकृत असेल, तर मालकाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे पाठवलेली अपघाताची सूचना आणि निरीक्षकांचा चौकशी अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतो. मालक खासगी असला तरी त्याने सरकारी कार्यालयात दिलेला कागद त्या कार्यालयाच्या ताब्यात असतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे असा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, त्याला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. ‘अपघाताबाबतची सर्व माहिती द्यावी’ असे न लिहिता अपघाताची तारीख, कारखान्याचे नाव आणि हव्या असलेल्या अहवालाचे नाव लिहावे.

तिसरी पायरी: जपून ठेवण्याची नोटीस

दावा दाखल होण्याआधीच, शक्य झाल्यास अपघाताच्या पहिल्याच आठवड्यात, मालकाला पोचपावतीच्या टपालाने पत्र पाठवावे. त्यात अपघाताची तारीख व वेळ लिहून अमुक काळाचे मस्टर, मजुरीचे रजिस्टर, बायोमेट्रिक हजेरीची नोंद आणि शेडमधील व फाटकावरील कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे, ते पुढील कार्यवाहीत मागितले जाईल, असे स्पष्ट सांगावे. कॅमेऱ्याच्या यंत्रात जुन्या चित्रणावर नवे चित्रण आपोआप चढत जाते, आणि लहान शेडमध्ये ते पंधरा दिवसांतच पुसले जाऊ शकते. चित्रण गेल्यावर ‘यंत्रातून आपोआप गेले’ हे उत्तर खरेही असू शकते. पण पत्र मिळाल्यानंतर ते गेले असेल, तर त्या उत्तराचा रंग बदलतो. दस्तऐवज पुराव्यात येऊ नये म्हणून तो मुद्दाम नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. पत्रात या कलमाचा एका वाक्यात उल्लेख पुरे. धमकीची भाषा नको, कारण हेच पत्र उद्या आयुक्तांच्या हाती जाणार आहे.

मृत्यूच्या प्रकरणात आणखी एक सोपा मार्ग आहे आणि तो फारच थोडे लोक वापरतात. १९२३ च्या अधिनियमाच्या कलम १०अ नुसार, कामावरील अपघातात कर्मचारी मरण पावल्याची माहिती कोणत्याही मार्गाने मिळाली, तरी आयुक्त मालकाला नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवून तीस दिवसांत मृत्यूच्या परिस्थितीचे निवेदन मागू शकतात, आणि आपण रक्कम भरण्यास जबाबदार आहोत की नाही हेही मालकाला त्यात सांगावे लागते. विधवेने साध्या कागदावर दिलेला अर्जही यासाठी चालतो. मालकाने त्या निवेदनात जे लिहिले त्यापासून त्याला नंतर लेखी म्हणण्यात सहजासहजी दूर जाता येत नाही.

चौथी पायरी: दावा आणि त्यासोबतची यादी

कलम २१ मुळे दावा अपघात जेथे झाला तेथे, अर्जदार जेथे राहतो तेथे किंवा मालकाचे नोंदणीकृत कार्यालय जेथे आहे तेथे दाखल करता येतो. कोकणातल्या किंवा पुण्याच्या बांधकामावर जखमी झालेल्या कागल, राधानगरीच्या मजुराला कोल्हापुरातच दावा करण्याचा हक्क आहे. मुदत दोन वर्षांची, पुरेशा कारणाने विलंब माफ होऊ शकतो. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारी, लेखी अधिकारपत्र असल्यास, कलम २४ प्रमाणे अर्जदारातर्फे काम पाहू शकतो.

१९२४ च्या नियमांतील नियम २१ येथे नीट वाचावा. ज्या दस्तऐवजावर दावा आधारलेला आहे तो अर्जासोबतच जोडावा लागतो आणि बाकीचे दस्तऐवज पहिल्या सुनावणीला किंवा तिच्याआधी हजर करावे लागतात. उशिरा आणलेला कागद आयुक्तांच्या परवानगीशिवाय पुराव्यात घेता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे असलेले सर्व कागद यादीसह आधी दाखल करावेत आणि यादीच्या शेवटी एक परिच्छेद जोडावा: ‘खालील दस्तऐवज सामनेवाल्यांच्या ताब्यात असून ते हजर करवून घेण्यासाठी अर्जदार स्वतंत्र अर्ज देत आहे.’ या एका वाक्याने पुढे ‘हा कागद आधी का मागितला नाही’ या प्रश्नाचे तोंड बंद होते.

पाचवी पायरी: हजर करण्याचा अर्ज

सामनेवाल्यांचे लेखी म्हणणे दाखल झाले की अर्ज द्यावा. म्हणण्यात त्यांनी काय नाकारले आहे ते कळल्याशिवाय कोणता कागद संबंधित आहे हे पटवणे अवघड जाते. मालकाने ‘अर्जदार आमच्याकडे कधीच कामाला नव्हता’ असे म्हटले असेल तर मस्टर, ‘नोकरीला होता, पण त्या दिवशी गैरहजर होता’ असे म्हटले असेल तर त्या आठवड्याचे मस्टर आणि कॅमेऱ्याचे चित्रण, आणि ‘पगार इतकाच होता’ असे म्हटले असेल तर मजुरीचे रजिस्टर मागावे. अर्जाची मागणी साधारण अशी असावी:

‘अर्जदाराची विनंती की, सामनेवाले क्रमांक १ यांनी त्यांच्या शेडचे १ जानेवारी २०२४ ते ३० जून २०२४ या काळाचे हजेरीपत्रक, त्याच काळाचे मजुरी वाटपाचे रजिस्टर कामगारांच्या सह्या व अंगठ्यांसह, आणि अपघाताच्या तारखेस अमलात असलेली विमा पॉलिसी, तिचा प्रस्ताव अर्ज व हप्त्याची पावती, हे मूळ दस्तऐवज पुढील तारखेपूर्वी हजर करावेत. सदर दस्तऐवज सामनेवाल्यांचे दिवाणजी यांच्या ताब्यात असतात. त्यांनी लेखी म्हणण्याच्या परिच्छेद ४ मध्ये अर्जदाराची हजेरी व परिच्छेद ६ मध्ये वेतन नाकारले असल्याने हे दस्तऐवज वादाच्या निर्णयासाठी आवश्यक आहेत. यांपैकी जो दस्तऐवज हजर करणे शक्य नसेल, तो कधीपर्यंत ठेवला जात होता, शेवटी कोणाच्या ताब्यात होता व आता कोठे आहे हे सामनेवाल्यांनी शपथपत्रावर सांगावे, असा हुकूम व्हावा.’

शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. ‘आमच्याकडे नाही’ हे वकिलाने तोंडी सांगणे आणि मालकाने स्वतःच्या सहीने शपथेवर लिहून देणे यांत मोठा फरक आहे. शपथपत्र द्यायची वेळ आल्यावर दोन तारखांआधी ‘नसलेले’ मस्टर सापडल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. विमा प्रस्तावाची मागणीही वगळू नये. हप्ता ठरवण्यासाठी मालकाने तेथे कामगारांची संख्या आणि वेतन स्वतः लिहून दिलेले असते, आणि दाव्यात आठ हजार सांगणाऱ्या मालकाने विमा कंपनीला काही वेगळेच सांगितले असेल तर ते तेथेच दिसते.

या अर्जासोबत सामनेवाल्यांना दस्तऐवज हजर करण्याची वेगळी नोटीसही द्यावी. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६४ प्रमाणे अशी नोटीस दिलेली असेल, तर मूळ कागद न आल्यास आपल्याजवळच्या झेरॉक्सचा किंवा मोबाइलवर काढलेल्या फोटोचा दुय्यम पुरावा देण्याची वाट मोकळी होते. शिवाय नोटीस मिळूनही जो कागद आणला नाही, तो मालकाला कलम १६७ मुळे नंतर स्वतःच्या सोयीने, आपल्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या हुकुमाशिवाय, पुराव्यात वापरता येत नाही. दर आठवड्याच्या पगारवाटपाला वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवणाऱ्या एका माग कामगाराचा दावा केवळ या सवयीवर उभा राहिला होता.

सामनेवाल्यांचे म्हणणे आणि त्याला उत्तर

हरकती ठरलेल्या असतात. ‘कागद जुने झाले, नष्ट केले’ असे म्हटले, तर वेतन प्रदान अधिनियमाच्या कलम १३अ कडे लक्ष वेधावे. जेथे तो अधिनियम लागू होता तेथे रजिस्टर शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षे जपणे बंधनकारक होते. ‘धंद्याचे गुपित आहे’ या हरकतीला मजुरीच्या वहीच्या बाबतीत काहीच आधार नाही. फार तर इतर कामगारांची नावे झाकून संबंधित पाने दाखवावीत, एवढी तडजोड आपणच सुचवावी, म्हणजे आयुक्तांना हुकूम करणे सोपे जाते. ‘अर्जदार अंदाधुंद कागद मागत आहे’ ही हरकत मात्र कधीकधी खरी असते. पाच वर्षांचे सर्व हिशेब, सर्व बँक खाती, सर्व करविवरणपत्रे अशी लांबलचक यादी असेल तर अर्ज फेटाळला जाईल आणि त्यात गरजेचे मस्टरही बुडेल. माझ्या एका सुरुवातीच्या अर्जात मी सतरा बाबी मागितल्या होत्या आणि एकही मिळाली नाही. पुढच्या अर्जात तीन मागितल्या, तिन्ही मिळाल्या.

सहावी पायरी: त्रयस्थाकडचा कागद

मालकाकडे नसलेला, पण दुसऱ्या कोणाकडे असलेला कागद साक्षी समन्स काढून आणावा लागतो. आदेश १६ नियम ६ खाली केवळ दस्तऐवज हजर करण्यासाठीही समन्स काढता येते आणि त्या व्यक्तीने स्वतः न येता दुसऱ्याकरवी कागद पाठवला तरी चालते. समन्ससोबत प्रोसेस फी (बजावणीचे शुल्क) आणि साक्षीदाराचा भत्ता भरावा लागतो. तो भरण्यात कसूर केली, तर समन्स न निघाल्याचा दोष आपल्याच माथी येतो. समन्स ‘कारखान्याला’ असे न काढता पदनाम लिहून काढावे.

ऊस वाहतुकीचे उदाहरण घ्यावे. गळीत हंगामात रात्री ट्रॅक्टर उलटून चालक जखमी होतो आणि मालक म्हणतो की तो माझा चालक नव्हताच, गाडी मी स्वतः चालवत होतो. अशा वेळी साखर कारखान्याच्या वजनकाट्याची पावती, त्या वाहनाच्या खेपांची नोंद आणि तोडणी-वाहतूक कराराची प्रत बरेच काही सांगतात. काट्यावर वाहन आल्याची तारीख आणि वेळ छापलेली असते, आणि चालकाची सही किंवा नाव जेथे घेतले जाते तेथे प्रश्नच मिटतो. कारखान्याच्या मुख्य शेती अधिकाऱ्यांच्या नावे समन्स काढून वाहनाचा क्रमांक आणि दोन तारखांमधील काळ लिहिला, की कारकून फाइल घेऊन येतो. रस्त्यावरील अपघातात भरपाईचा दावा या अधिनियमाखाली करायचा की मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे, याची निवड आधीच करावी, कारण मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६७ मुळे दोन्हीकडे भरपाई मागता येत नाही.

कॅमेऱ्याचे चित्रण किंवा बायोमेट्रिक नोंद आली, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांतले प्रमाणपत्र सोबत हवे. पहिला भाग यंत्राच्या ताबेदाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. पेनड्राइव्ह येऊन प्रमाणपत्र न आल्यास त्याच तारखेला ते मागावे.

सातवी पायरी: हुकूम होऊनही कागद आला नाही तर

समन्स बजावूनही न येणाऱ्या साक्षीदाराविरुद्ध आदेश १६ नियम १० खाली जाहीरनामा, वॉरंट व मालमत्तेची जप्ती आणि नियम १२ खाली पाचशे रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. पाचशे रुपयांना आज कोणी भीत नाही. न्यायालयाने मागितलेला दस्तऐवज हेतुपुरस्सर न देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१० खालील गुन्हा आहे आणि त्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते. त्रयस्थाच्या बाबतीत या तरतुदी उपयोगी पडतात. मालकाच्या बाबतीत मात्र खरे हत्यार प्रतिकूल अनुमानाचे आहे.

साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ प्रमाणे, जो पुरावा हजर करता आला असता पण केला नाही, तो हजर झाला असता तर दडवणाऱ्याच्या विरुद्ध गेला असता, असे न्यायालय गृहीत धरू शकते. कल्याणजवळच्या हाजी मलंग दर्ग्याच्या वादातून आलेल्या गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध महंमद हाजी लतीफ या १९६८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सिद्धतेचा भार आपल्यावर नाही या सबबीवर महत्त्वाचा कागद दडवून ठेवणाऱ्या पक्षाविरुद्धही असे अनुमान काढता येते. परंतु आर. एम. येल्लट्टी प्रकरणात २००५ मध्ये त्याच न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, मस्टर हजर झाले नाही एवढ्यावरून कामगाराच्या बाजूने आपोआप अनुमान निघत नाही. कामगाराने स्वतः साक्ष द्यावी, मस्टर मागवावे आणि जवळचा पुरावा द्यावा, ही अपेक्षा कायम राहते. तो निकाल औद्योगिक विवादाचा होता, तरी आपल्या दाव्यात सामनेवाले तोच वाचून दाखवतात.

म्हणून क्रम असा ठेवावा. अर्ज, हुकूम, मुदत संपल्यावर ‘हुकुमाची पूर्तता झाली नाही’ असा लेखी अर्ज, आणि मग अर्जदाराची साक्ष. मालक किंवा दिवाणजी साक्षीला आल्यावर उलटतपासात मस्टर ठेवता का, कोण लिहितो, कोठे ठेवता, हुकूम माहीत होता का, आज आणले आहे का, हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत. समोर हजर असलेल्या पक्षाने जवळ असलेला कागद सबबीशिवाय देण्यास नकार दिला, तर आदेश १६ नियम २० खाली त्याच्याविरुद्ध निकाल देण्याचाही अधिकार आहे. तो क्वचितच वापरला जातो, पण अर्जात त्याचा उल्लेख केल्यावर कागद येण्याचा वेग वाढतो, हे खरे.

आठवी पायरी: कागद आला, आता तो वाचणे

मूळ रजिस्टर आले की घाईने निशाणी (पुराव्यातील क्रमांक) पाडून घेऊ नये. पाहणीसाठी वेळ मागावा आणि आयुक्तांच्या कार्यालयात बसून पान न पान पाहावे. एका शेडच्या दाव्यात मालकाने अखेर २०२२ चे मस्टर आणले. त्यात अर्जदाराचे नाव नव्हते, बाकी सारे नीटनेटके होते, आणि हा नीटनेटकेपणाच खटकला. सहा महिने, दोन पाळ्या, पण एकच शाई, एकच हात, एकही खाडाखोड नाही, मागाच्या तेलाचा एकही डाग नाही. रजिस्टर उलटे केल्यावर मागच्या पुठ्ठ्यावर किमतीच्या शेजारी ते तयार झाल्याचा महिना छापलेला दिसला: मार्च २०२३. दिवाणजीला उलटतपासात तो पुठ्ठा हातात देऊन मोठ्याने वाचायला सांगितले, त्यानंतर हजेरीवर कोणताही प्रश्न विचारण्याची गरज पडली नाही.

तेव्हा पानांचे क्रमांक सलग आहेत का, मध्ये पान चिकटवले आहे का, सुटीच्या व वीज नसलेल्या दिवशी हजेरी लावलेली आहे का, मजुरीपुढील अंगठे महिनोन्महिने एकाच बोटाचे वाटतात का, आणि वेतन यंत्रमाग उद्योगाच्या किमान वेतनापेक्षाही कमी दाखवले आहे का, हे पाहावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर आपल्याच वहीने मालक दुसऱ्या कायद्यात अडकतो, आणि अशा वेळी तडजोडीचा निरोप लवकर येतो. जी पाने आपल्याला उपयोगी आहेत त्यांच्या प्रमाणित प्रती लगेच काढून घ्याव्यात, कारण मूळ रजिस्टर परत मिळावे असा अर्ज मालक पुढच्याच तारखेला देतो.

१९२३ च्या अधिनियमाच्या कलम २५अ प्रमाणे असा दावा तीन महिन्यांत निकाली निघावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात केवळ कागदाच्या अर्जावरच तेवढा काळ जातो. त्या काळातल्या प्रत्येक तारखेला रोजनाम्यात (सुनावणीच्या दैनंदिन नोंदीत) काय लिहिले गेले ते वाचून यावे: ‘सामनेवाल्यांनी मुदत मागितली’, ‘दस्तऐवज हजर नाहीत’, ‘शेवटची संधी’. कलम ३० खालील अपील साठ दिवसांत आणि कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसत असल्याने आपल्या सहा जिल्ह्यांतील अशी अपिले आता येथेच ऐकली जातात. तेथे नवा कागद सहसा घेतला जात नाही, आयुक्तांपुढील अभिलेखच वाचला जातो. म्हणून निकालाच्या दिवशीच निकालासोबत रोजनाम्याच्या, हजर करण्याच्या अर्जाच्या आणि त्यावरील हुकुमाच्या प्रमाणित प्रतींसाठीही नक्कल अर्ज देऊन यावे.